एलिसबाची घाणी

“हे नाव खोडा, मॅडम,” लाजरसभाऊंनी माझ्या पुढ्यातल्या कागदावर बोट आपटलं. “बैलघाणी लिहा. साऱ्या मिशनला तेच नाव माहीत आहे.”

मी पेन उचललं नाही. “वस्तीतल्या बायका वेगळं नाव घेतात.”

“बायका काय, तोंडाला येईल ते बोलतात.”

देवळाच्या ऑफिसात कमिटीची बैठक होती आणि तिथे मी एकटीच बाई होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला लहानपणापासून राग लवकर येतो आणि आला की लपवता येत नाही. आई म्हणायची, “शलोमी, तुझ्या नाकाला हात लावला तर चटका बसेल.” त्या दिवशी तो सगळ्यांनाच बसला असता.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. मी तेव्हा खैरदऱ्याच्या मिशन शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. देवळाला, म्हणजे आमच्या चर्चला, पन्नास वर्षं होत होती. आमचे फादर जेरोम वसईकडचे, तरुण आणि भारी हौशी. त्यांच्या मनात आलं की सुवर्णमहोत्सवाची मिरवणूक नुसती देवळाभोवती न फिरवता धर्मग्रामातल्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या, जुन्या जागांवरून न्यायची. प्रत्येक जागी थांबायचं, त्या जागेचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं, “प्रभू, इथल्या माणसांची आठवण ठेव.” कल्पना मला मनापासून आवडली होती. नावं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. शेतांची नावं, ओढ्यांची नावं, आणि जिथे जिथे कधीकाळी काही दळलं, गाळलं किंवा मळलं जायचं त्या जागांची नावं. तेल्याचा घाणा झाला, बंद पडलेलं गुऱ्हाळ झालं, ओढ्याकाठची पिठाची गिरणी झाली. कुणी भांडलं नाही. भांडण लागलं ते चुन्याच्या घाणीवरून.

देऊळ बांधताना चुना मळायला ही घाणी केली होती, देवळाच्या मागच्या अंगाला. जमिनीत गोल दगडी चर, त्या चरात उभं राहणारं भलं जड दगडी चाक, आणि चाकाच्या आरपार गेलेला लाकडी दांडा. दांड्याचं एक टोक मधल्या खुंट्याला अडकवायचं आणि बाहेरचं टोक ओढत गोल फिरायचं. चाक चरातून फिरत राहतं आणि त्याखाली वाळू-चुना मळला जातो. चर आणि चाक अजून जागेवर होतं. दांडा तेवढा कधीच कुणाच्या तरी चुलीत गेला होता.

आणि ऑफिसच्या भिंतीवर एक फोटो होता. झूल घातलेली बैलजोडी, शेजारी फेटा बांधलेले दावीद मुकादम, मागे अर्धवट चढलेली देवळाची भिंत. दावीद मुकादम म्हणजे लाजरसभाऊंचे वडील. बावन्न सालच्या दुष्काळात मुकादमांनी स्वतःची बैलजोडी घाणीला जुंपली म्हणून हे देऊळ उभं राहिलं, ही गोष्ट माझ्या वर्गातली पोरंही पाठ म्हणून दाखवायची. लाजरसभाऊ आता कमिटीचे चेअरमन होते. सणाच्या दिवशी बिशपांसमोर घाणीला पुन्हा बैल जुंपून दाखवायचे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

दुसरं नाव मला रिबकामावशीने सांगितलं होतं. रिबकाबाई ओहोळ, सत्तरी ओलांडलेली, अंगाने काटकी आणि जिभेने मिरची. वस्तीत कुणी सहसा तिच्या वाटेला जात नसे. नावं विचारत मी तिच्या दारात गेले, तर ती मला हाताला धरून थेट घाणीवरच घेऊन गेली.

घाणीच्या एका बाजूला मोकळी जागा होती, जवळच एक जुना कडुलिंब. दुसऱ्या बाजूला टेकडीचा खडक सरळ उभा होता, चराच्या अगदी जवळ. मी सहज खडकावरून हात फिरवला. सगळा खडक खरखरीत, पण माझ्या छातीच्या बराच खाली एक लांबलचक पट्टा तुळतुळीत झालेला, घराच्या उंबऱ्यासारखा.

“हे कशाने झालं, मावशी?”

“घासून घासून.”

“गुरं अंग घासतात का इथे?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खडकावरचा हात काढून घेतला. “तुमी आधी नाव लिव्हा, बाई. एलिसबाची घाणी.”

“एलिसबा कोण?”

“माजी धाकली भन.”

“मग तिचं नाव का पडलं?”

“त्ये न्हाई सांगणार. मागं एका फादरला सांगाया गेले, तर मलाच म्हनला, रिबका, जुनं उकरू नगं. तवापासून तोंड शिवून बसले. आता आधी नाव घ्या. समद्यांम्होरं, मोठ्यानं. मंग सांगते.”

मी वस्तीत आणखी चार घरी विचारलं. म्हाताऱ्या बायका सहज म्हणायच्या, “एलिसबाच्या घाणीकडं शेळ्या गेल्यात.” पुरुष म्हणायचे बैलघाणी. एका बाईने नाव सांगितलं आणि लगेच नवऱ्याकडे पाहून जीभ चावली. म्हणून मी दोन्ही नावं कागदावर लिहिली, आणि एलिसबाचं आधी लिहिलं.

तोच कागद आता बैठकीत लाजरसभाऊंच्या हातात होता.

“त्या रिबकाची बहीण तापाने गेली,” ते म्हणाले. “मला माझ्या वडलांनी सांगितलंय. तिचा आणि घाणीचा संबंध काय?”

“तेच मला विचारायचं आहे,” मी म्हटलं. “बायका उगाच एखादं नाव पन्नास वर्षं धरून ठेवत नाहीत.”

“फादर, तुम्हीच सांगा. बैल दिले कुणी? नाव कुणाचं घ्यायचं?”

फादरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांना भांडण सोसत नसे. “दोन्ही नावं घेतली तर?”

“एका जागेची दोन नावं घेतली तर बिशप काय म्हणतील? यांचं यांनाच माहीत नाही?”

“मग... शलोमीबाई, सध्या बैलघाणीच राहू दे.”

त्या ‘सध्या’ने माझं डोकं जास्त फिरलं. नाही म्हणायचं तर नाही म्हणावं. मी म्हटलं, “मी खोडणार नाही.” लाजरसभाऊंनी खिशातलं पेन काढलं आणि स्वतःच त्या नावावर काट मारली, कागद फाटेस्तोवर. बाकीचे चहाच्या कपात बघत राहिले.

मावशीला सांगायला गेले तेव्हा ती दारात शेंगा फोडत बसली होती. माझं ऐकून घेतलं आणि सूप बाजूला ढकललं.

“मंग आला कशाला व्हता माज्या दारात? पेन मिरवाया?”

“मावशी, मी भांडले त्यांच्याशी.”

“भांडून काय झालं? नाव गेलं न्हवं? आमचं एक नाव व्हतं चार बायांच्या तोंडात. त्ये तुमी कागदावर नेलं आन तितं नेऊन मारलं.”

मला तिचा राग आला. मग तिचं खरं आहे हे लक्षात आलं आणि जास्तच राग आला, पण तो कुणावर काढावा कळेना. मी उठले. ती मागून म्हणाली, “बैल जुपणार हायेत म्हनं?”

“हो. शुक्रवारी तालीम आहे.”

आणि रिबकामावशी हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. “जुपू द्या,” ती म्हणाली. “मी येते बघाया.”

शुक्रवारी दुपारून घाणीवर अर्धं मिशन जमलं होतं. सुताराने नवा दांडा करून आणला होता, चाकाला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. लाजरसभाऊंकडे आता ट्रॅक्टर होता, म्हणून शेजारच्या गावातून एक खिलारी जोडी मागवली होती. बैलांचा मालक सखाहरी नावाचा गृहस्थ. त्याने घाणीभोवती एक चक्कर मारली आणि डोकं खाजवलं.

“भाऊ, जोडी न्हाई बसायची हितं. एकच बैल लावू.”

“मग एकच लाव. पण लाव लवकर.”

बैल जुंपला. शिंगांना गोंडे, पाठीवर झूल. लाजरसभाऊंनी कडेला उभं राहून माइकवर सुरुवात केली, “बावन्न सालच्या दुष्काळात, जेव्हा माणसाला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा ख्रिस्तवासी दावीद मुकादम यांनी...” बैल निघाला. दगडी चाक घरघरत चरातून फिरू लागलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मोकळ्या बाजूने बैल झोकात चालला, कडुलिंबापाशी वळला आणि खडकाशी येऊन थांबला.

खडक आणि चर यांच्यामध्ये त्याचं अंग मावेना. सखाहरीने आवाज दिला, शेपटी पिरगाळली. बैलाने मान आत घातली, खांदे घातले आणि पोट अडकलं. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला चाक. झूल टरकन फाटली. बैल बिथरला, मागे सरकला आणि नवा दांडा मध्यात मोडला. सखाहरीने पुढे होऊन दोर कापला म्हणून बैल वाचला.

“हितं बैल जायचा न्हाई, भाऊ,” तो धापा टाकत म्हणाला. “माझं जनावर मारता काय?”

माइक चालूच होता. त्यातून नुसती खरखर येत होती.

“मग पन्नास वर्षांपूर्वी कसा गेला?” मी विचारलं. मला मोठ्याने बोलायचं नव्हतं, पण आवाज चढलाच. “लाजरसभाऊ, खडक तर तेव्हाही इथेच होता. मग तुमच्या वडलांचे बैल इथून फिरले कसे?”

“फिरलेच न्हाईत,” मागून आवाज आला.

रिबकामावशी माणसांना बाजूला सारत पुढे आली. तिच्यामागे तिच्या वयाच्या आणखी दोघी होत्या, मरियाबाई आणि तबिथाबाई.

“बैल हितं कवाच फिरला न्हाई. बैल त्या लिंबाखाली बांधले व्हते, सावलीला. मिशनचा कडबा खात व्हते. फोटू काढायच्या दिशी तेवढी झूल चढवली. दावीद मुकादम म्हनायचा, असल्या दुष्काळात बैल मेला तर दुसरा कुठनं आणू? आन आमाला जुपलं.”

“ए रिबका!” लाजरसभाऊ ओरडले. “मेलेल्या माणसाबद्दल—”

“मीबी मेलेल्या माणसाचंच सांगते. गप ऱ्हा.” ती जमलेल्या माणसांकडे वळली. “गडीमाणसं समदी खडी फोडाया लांब गेली व्हती. ऱ्हायलो आमी बाया. दोघी मागनं दांडा ढकलायच्या, एक म्होरं दोर खांद्यावर घिऊन ओढायची. सांजच्याला वटीत जोंधळं पडायचं. हितं आलं की जागाच न्हाई. खडकाला खांदा घाशीत, अंग चोरून जायचं. येक बाई कशीबशी जायाची.” तिने बैल अडकला होता त्या जागेवर पाय आपटला. “हितंच. एलिसबा म्होरं व्हती. पाय घसरून चरात गेला. आमी मागनं खाली मान घालून ढकलतोय, आमाला काय दिसतंय? तिला बाजूला व्हाया जागा न्हवती. चाक पायावरनं गेलं.”

रिबकामावशी लाजरसभाऊंकडे वळली.

“मुकादम म्हनला, चुना वाळंल, दुसरी लावा दोराला. दुसरी म्हंजी मी. ती तितं लिंबाखाली बैलांपाशी वरडत पडली व्हती आन मी दोर वढत व्हते. पाय सडला तिचा. अंगात ताप भरला. व्हय रं लाजरस, खरं सांगितलं तुज्या बापानं. तापानंच गेली ती.”

मला वाटलं, आता लाजरसभाऊ खाली बसतील, निदान मान तरी खाली घालतील. त्यांचा चेहरा पडलाही होता. पण त्यांनी खडकाकडे पाहिलं, मोडलेल्या दांड्याकडे पाहिलं आणि सुताराला म्हणाले, “दांडा दुसरा कर. उद्या सकाळी मी ब्रेकर आणतो. खडक एवढा तासून काढला की रविवारी बैल आरामात जाईल.”

माणूस एवढा निगरगट्ट असू शकतो, हे मी तोवर ऐकून होते, पाहिलं नव्हतं. मी फादरांकडे पाहिलं. ते पाठमोरे होऊन देवळाकडे चालले होते. तिथून मी तडक ऑफिसात गेले आणि तो फोटो भिंतीवरून उतरवून नीट पाहिला. बैल घाणीला जुंपलेले नव्हतेच. त्यांच्या पाठीवर पानांची सावली पडली होती आणि पुढ्यात कडबा होता. इतकी वर्षं तो भिंतीवर टांगलेला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने फक्त झूल पाहिली होती. मीसुद्धा.

शनिवारी सकाळी मी पोचले तेव्हा ट्रॅक्टरवर ब्रेकर येऊन उभा होता आणि त्याचा माणूस बाजूला बसून तंबाखू मळत होता, कारण खडकाला बायका चिकटल्या होत्या. रिबकामावशी, मरियाबाई, तबिथाबाई, त्यांच्या सुना, नाती. म्हाताऱ्या कमरेतून वाकून, खांदा त्या तुळतुळीत पट्ट्याला लावून उभ्या होत्या. पट्टा कशाने झाला ते आता विचारायची गरज नव्हती. त्यांचे खांदे बरोब्बर तिथेच टेकत होते.

मीही गेले आणि रांगेच्या टोकाला उभी राहिले.

“मॅडम,” लाजरसभाऊ म्हणाले, “तुम्ही बाहेरगावच्या. तुम्हाला नोकरी करायची आहे ना इथे?”

“करायची आहे. आणि इथून हलायचंही नाही.”

“अहो, बिशप येणार उद्या! देवळाची अब्रू जाईल!”

“तुमची जाईल,” मी म्हटलं. “देवळाची इथे वाकून उभी आहे.”

एवढ्यात सकाळची मिस्सा आटोपून फादर आले. पांढरा झगा तसाच अंगावर. रात्रभर झोप नसावी, डोळे सुजलेले होते. लाजरसभाऊंनी त्यांना गाठलं, “फादर, सांगा या बायांना. एवढासा खडक तर फोडायचाय.”

रिबकामावशीने खांदा न हलवता मान वर केली. “फोडा. पर मंग देऊळबी फोडा, फादर. त्या भिंतीतला चुना आमी मळलाय. त्यो बी ऱ्हाऊ देऊ नगा.”

फादर पुढे आले. त्यांनी मावशीच्या खांद्याशेजारी खडकावर हात ठेवला आणि तो पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपत गेले. मग ब्रेकरवाल्याला म्हणाले, “तुम्ही परत जा. भाडं मी देतो.” लाजरसभाऊ काहीतरी बोलायला गेले, तेव्हा फादरांना पहिल्यांदाच आवाज फुटला. “खडकाला हात लागणार नाही, लाजरसभाऊ. आणि बैलही येणार नाहीत. बास.”

जाता जाता ते माझ्यापाशी थांबले. “शलोमीबाई, ते नाव पुन्हा लिहा.”

“मी खोडलंच नव्हतं, फादर,” मी म्हटलं. त्यांना ते लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते.

रविवारी मिरवणूक निघाली. ओढ्याची गिरणी झाली, तेल्याचा घाणा झाला, गुऱ्हाळाचा माळ झाला. लाजरसभाऊ सगळ्यात मागे, कुणाशी न बोलता चालत होते. घाणीपाशी फादर थांबले आणि न चाचरता म्हणाले, “एलिसबाची घाणी.”

“प्रभू, इथल्या माणसांची आठवण ठेव,” सगळे म्हणाले.

रिबकामावशी म्हणाली नाही. ओठ घट्ट मिटून ती खडकाजवळ उभी होती. मरियाबाईने पदराने डोळे टिपले, हिने तेही केलं नाही. मला वाटलं होतं, नाव घेतलं की तिचा राग शांत होईल. पण तो काही बिदागी देऊन वाटेला लावायचा राग नव्हता.

फादरांनी सकाळीच बिशपांच्या कानावर सगळं घातलं असावं. बिशप मिरवणूक सोडून तिच्यापाशी आले. उंचपुरे, वयस्कर, मायाळू गृहस्थ. त्यांनी खडकावरचा पट्टा पाहिला, हातातली काठी फादरांकडे दिली आणि आपला खांदा तिथे टेकवायला गेले. टेकेना. त्यांना गुडघ्यात वाकावं लागलं.

“फार खाली आहे हे, माय.”

“वाकून वढायचो, बिशपसाहेब. सरळ ऱ्हाऊन चाक हालत न्हाई.”

बिशप हळूहळू उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बैलासारखं राबवलं गं तुम्हाला.”

रिबकामावशीने डोक्यावरचा हात बाजूला केला.

“बैलासारखं न्हाई,” ती म्हणाली आणि कडुलिंबाकडे बोट केलं. “बैल तितं सावलीत व्हते.”